तिसवलीच्या धक्क्यावरचा गाळ

यामिनी भाटकरने बांधलेलं तिसवलीचं मुक्कामघर त्या शनिवारी तुडुंब भरलं होतं, आणि त्यातला एकही माणूस पाण्यावरून आलेला नव्हता.

चोवीस खाटांवर चोवीस माणसं होतीच, शिवाय गच्चीवर गाद्या टाकून आणखी सहा जणांची सोय केली होती. बाहेर काजूच्या झाडांखाली पुण्या-कोल्हापूरच्या एकोणीस गाड्या उभ्या होत्या. मुक्कामघर सांभाळणारी वनिता घाणेकर कौतुकाने सांगत होती की पुढचे दोन महिने एकही शनिवार-रविवार रिकामा नाही. लोकांना खिडकीतून दिसणारी नदी फार आवडते, असंही ती म्हणाली.

यामिनी खिडकीशी गेली. ओहोटी होती. समोर दीडशे मीटर राखाडी गाळ पसरला होता, त्यावर बगळे फिरत होते आणि गाळाच्या पलीकडे पाण्याची एक अरुंद पट्टी चकाकत होती. ज्या धक्क्यासाठी हे सगळं घर उभं केलं, तो धक्का गाळात रुतून बसला होता. तिने वनिताला विचारलं, लाँच शेवटची कधी लागली? वनिताला आठवावं लागलं. मग ती म्हणाली, मंगळवारी, मोठ्या भरतीला. उतरलं मात्र कोणी नाही.

यामिनीला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कोणावर? नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात सही तिचीच होती.

आठ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात घाटरस्ता तीन ठिकाणी खचला आणि वाळंबी नदीकाठची बावीस गावं सव्वा महिना अडकून पडली. तेव्हा सरकारला नदी आठवली. मुखाशी आंबोळे बंदर, आत अडतीस किलोमीटरवर मांडवली, आणि या सगळ्या अंतरात भरती-ओहोटीचं पाणी खेळतं. एके काळी भात, कौलं, मीठ, लग्नाची वऱ्हाडं, सगळं याच पाण्यावरून जात असे. नदीमार्ग प्राधिकरण स्थापन झालं, विजेवर चालणाऱ्या उथळ बुडाच्या लाँचा आल्या, पण माणसं चढेनात. लाँच कधी येईल हे त्यांना कळत नव्हतं.

त्याचं कारण यामिनीने पहिल्याच सभेत फळ्यावर मांडलं होतं. एसटीची वेळ ठरलेली असते, पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, कारण दिवसभरात चंद्र तेवढा पुढे सरकलेला असतो. लाँच भरतीबरोबर आत निघाली तर निम्मा प्रवास पाणीच करून देतं, बॅटरी जेमतेम अर्धी लागते. भरतीच्या विरुद्ध निघाली तर वाटेतच दम टाकते. म्हणजे नदीने जायचं तर कधी पहाटे, कधी दुपारी निघावं लागणार आणि मध्ये चार-सहा तास थांबावं लागणार. थांबायला जागा नसेल तर कोण येईल? म्हणून तिने सुचवलं की आधी थांबायच्या जागा बांधा. पाच ठिकाणी साधी मुक्कामघरं, प्रत्येकाला धक्का, लाँच चार्ज करायची सोय, स्वस्त खाट, गरम जेवण. पाणी फिरेपर्यंत माणसाने झोपावं, जेवावं, पुढे निघावं.

कल्पना मान्य झाली. तिने मुक्कामघरं उंच खांबांवर काढली होती, म्हणजे खालून नदी मोकळी वाहील. प्राधिकरणाला खांब नको होते. खांबांची दरवर्षी तपासणी करावी लागते, त्यापेक्षा भरीव चौथरा बरा, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि भरीव चौथरा कसा करायचा याचं उत्तर यामिनीच्या घरातच होतं.

तिचा नवरा निनाद सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्याने अकरा वर्षं एका जिवाणूवर घालवली होती. हा जिवाणू युरिया पचवतो आणि पचवताना आपल्याभोवती कार्बोनेट सोडतो. जवळ कॅल्शियम असलं की दोन्ही मिळून चुनखडीचे बारीक स्फटिक तयार होतात आणि गाळाच्या कणाला कण सांधत जातात. नदीचाच गाळ साच्यात भरायचा, त्यात हे जिवाणू, युरिया आणि शिंपल्यांपासून काढलेलं कॅल्शियम सोडायचं. तीन आठवड्यांत चिखलाचा दगड. सिमेंट नाही, भट्टी नाही, खडीचे ट्रक नाहीत. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून पाहायला निनादला कोणी जागा देत नव्हतं. यामिनीने दिली. खांब खोडले आणि नदीत चाळीस मीटर पुढे येणारा सलग चौथरा काढला.

त्या वेळी नकाशा बघायला आंबोळ्याचे इस्माईल सारंग आले होते. साठी उलटलेले तांडेल, वाळंबीवर लाँच चालवायला त्यांच्याइतका जाणता माणूस दुसरा नव्हता. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि पाणी कुठून जाणार, एवढंच विचारलं. यामिनीने सांगितलं की नदी रुंद आहे, बाजूने जाईल. ते पुढे काही बोलले नाहीत. ती मात्र त्यानंतर कित्येकदा मनाशी म्हणाली, निदान वाद तरी घालायचा होता त्यांनी.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. लाँच भरून जाऊ लागल्या. शिक्षक, कोळणी, बँकेतले कारकून, माहेरवाशिणी, सगळे मुक्कामघरात थांबत. पाण्याची वेळ बघून निघायची सवय लोकांना पुन्हा लागली. निनादच्या चौथऱ्यांना एक मोठा पुरस्कार मिळाला आणि तीन बंदरांची कामं चालून आली.

तिसऱ्या वर्षी गाळ दिसू लागला.

वाहतं पाणी गाळ उचलून नेतं ते वेगाच्या जोरावर. वेग कमी झाला की गाळ खाली बसतो. चौथऱ्याने वेग मोडला होता. भरतीला त्याच्या वरच्या अंगाला आणि ओहोटीला खालच्या अंगाला पाणी मंदावून गोल फिरायचं आणि हातातलं ओझं तिथेच टाकून जायचं. गाळ काढायची बोट आणली, बारा दिवसांत जागा पुन्हा भरली. दुसऱ्यांदा आणली तेव्हा बोटीच्या बादलीचे दात मोडले. नव्या गाळावर दोन बोटं जाडीचं टणक कवच धरलं होतं.

निनादचे जिवाणू चौथऱ्यात थांबले नव्हते. भातखाचरांतून वाहून येणारा युरिया त्यांना आयता मिळत होता आणि गाळातल्या शिंपल्यांत कॅल्शियम होतंच. काम झालं की ते उपासमारीने मरतील, असं त्याने अहवालात लिहिलं होतं. ते मेले नाहीत. त्या भागात बायका गाळात हात घालून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायच्या, त्यांची बोटं आता कवचावर आपटत होती.

मग रस्ता झाला. मुक्कामघरांना पाहुणे यावेत म्हणून प्राधिकरणानेच डोंगरातून पाचही ठिकाणी डांबरी रस्ते काढले. पाहुणे आले. गाडीतून उतरले, नदीकडे पाठ करून फोटो काढले आणि गाडीतून गेले.

यामिनीने प्राधिकरणाला नऊ पत्रं लिहिली. उत्तर एकाचं आलं, त्यात गच्चीवरच्या रेलिंगचा रंग विचारला होता.

त्या शनिवारनंतरच्या गुरुवारी ती मांडवलीहून मुद्दाम लाँचने निघाली. सतरा माणसं होती. इस्माईलचाचा सुकाणूवर. पुढच्या बाकावर अनुसया जोगळे पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी आंबोळ्याला जावं लागे. गाडीने घाटवळणांवर त्यांना उलट्या व्हायच्या, म्हणून त्या पाण्यानेच जात. हे त्यांचं चौथं वर्ष होतं.

तिसवलीला चार्जिंगसाठी थांबायचं होतं. धक्का दोनशे मीटरवर असताना बुडाखालून खरवडल्यासारखा आवाज आला, लाँचला हिसका बसला आणि पंखा फिरायचा थांबला. कवचावर आपटून त्याची पाती मोडली होती. ओहोटी चालू होती. बघता बघता लाँचभोवतीचं पाणी गेलं आणि लाँच एका अंगावर कलली.

भरती यायला साडेचार तास होते. अनुसयाबाईंची वेळ साडेअकराची होती. इस्माईलचाचांनी बाकाची फळी काढली, बाईंना तीवर बसवलं आणि तिघांना घेऊन स्वतः गाळात उतरले. काठाकडे कवच पातळ होतं, माणसाचं वजन पेलत नव्हतं. प्रत्येक पाऊल आधी टेकायचं, मग कवच फोडून मांडीपर्यंत आत जायचं, आणि वर काढताना कवचाची धार पोटरी कापत यायची. दोनशे मीटरला पाऊण तास लागला. यामिनी त्यांच्या मागून पिशव्या डोक्यावर घेऊन चालत होती. मुक्कामघराच्या गच्चीवरून पाहुणे हे सगळं मोबाइलवर टिपत होते. एकाने वरून विचारलं की ही काही परंपरा आहे का.

धक्क्यावर चढवल्यावर अनुसयाबाई भिंतीला टेकून बसल्या. चेहरा सुजलेला, श्वास तोकडा. वनिता गाडीची व्यवस्था करायला धावली. यामिनीने त्यांना पाणी दिलं आणि माफी मागितली.

"घर चांगलं बांधलंत, बाई," अनुसयाबाई म्हणाल्या. "पण आम्हाला त्यात राहायचं नव्हतं. पुढं जायचं होतं."

त्या दुपारी तीनला दवाखान्यात पोचल्या आणि वाचल्या. मात्र दुसऱ्या दिवसापासून लाँचमध्ये चार-पाचच माणसं दिसू लागली, आणि महिन्याभरात प्राधिकरणाने मांडवलीची फेरी आठवड्यातून दोनदा केली.

प्राधिकरणातले हेमाडे साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी यामिनीला चहा दिला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचं म्हणणं सरळ होतं. तिसवलीचा चौथरा सगळ्यांत पुढे आलेला, म्हणून सुरुवात तिथून करू. चौथऱ्याला आरपार चार मोऱ्या पाडायच्या, प्रत्येकी तीन मीटर रुंद. पाणी खालून जाऊ लागलं की वेग परत येईल आणि गाळ नदी स्वतः घेऊन जाईल. त्यासाठी पुढच्या दालनातल्या दहा खाटा जातील. हेमाड्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पाचही मुक्कामघरं वर्षभर भरलेली होती. गाळावर काचेचा सज्जा काढायचा प्रस्तावही आला होता, म्हणजे पाहुण्यांना बगळे जवळून दिसतील.

"मॅडम, तुमची मुक्कामघरं राज्यात पहिली आली आहेत," ते म्हणाले. "लाँचचा विषय माझ्या टेबलावर नाही."

कोणाच्या टेबलावर आहे, असं तिने विचारलं. ते पद दोन वर्षं रिक्त होतं.

घरी येऊन तिने करारपत्र काढलं आणि एकेक ओळ वाचली. एकोणिसाव्या पानावर कलम होतं. बांधकामानंतर दहा वर्षं चौथऱ्याची दुरुस्ती ही वास्तुरचनाकाराची जबाबदारी. त्यासाठी पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी आणि त्या मुदतीत उत्तर न आल्यास संमती समजावी. हे कलम तिच्यावर जबाबदारी ढकलायला लिहिलेलं होतं. तिने सूचना लिहून पाठवली. प्राधिकरण पंधरा दिवसांत उत्तर देणार नाही, याची तिला खात्री होती. एवढ्या वर्षांत प्राधिकरणाबद्दल वाटलेली ती पहिली खात्री.

अडचण निनादची होती. त्याचा दगड फोडायला सुरुंग लावता येत नव्हता, वर इमारत होती. तो विरघळवता येत होता. गूळ किंवा मळीवर वाढणारे दुसरे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि त्या सौम्य आम्लात चुनखडी हळूहळू विरघळून गाळ पुन्हा सुटा होतो. ते वाण निनादच्या शीतपेटीत होतं. ते त्यानेच तयार केलं होतं आणि त्याबद्दल तो यामिनीशिवाय कोणाशी बोलला नव्हता.

तिने मागितलं तेव्हा तो प्रयोगशाळेत काचेच्या बशा धूत होता. त्याने आधी हिशेबी हरकती घेतल्या. मोऱ्या सरळ पडतील कशावरून, इमारत खचली तर काय, मासे मेले तर काय. तिने प्रत्येकीचं उत्तर आणलं होतं. दोन मोऱ्यांपर्यंत इमारतीला धोका नाही, पुढच्या दोनसाठी दालन उतरवावं लागेल. मग तो मूळ गोष्टीवर आला. तीन बंदरांची कामं हातात होती. स्वतःच्या बायकोने चौथरा विरघळवला ही बातमी बाहेर गेली की एकही राहणार नव्हतं.

"ते कवच तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

तो बशी धूत राहिला. मग म्हणाला, "दीड वर्ष झालं. वाटलं, तेवढ्यापुरतं असेल."

"मला सांगितलं नाहीस."

"तू खांब खोडलेस ते माझ्यासाठी. तुला काय सांगू, की चुकलं म्हणून?"

 तिला राग आला होता, पण त्याला धरायला टोक सापडत नव्हतं. खांब तिने खोडले होते, अहवाल त्याने लिहिला होता, आणि दोघांनीही ते एकमेकांच्या प्रेमापोटी केलं होतं. ती न जेवता झोपली. सकाळी उठली तर शीतपेटीतल्या बाटल्या गाडीत ठेवलेल्या होत्या आणि निनाद मळीचे डबे बांधत होता. तुला प्रमाण जमणार नाही, जास्त झालं तर सगळी इमारत नदीत जाईल, असं तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

सोळाव्या दिवशी पहिल्या दोन मोऱ्यांचं काम सुरू झालं. वनिताने कुरकुरत दालन रिकामं केलं. इस्माईलचाचा आणि तिसवलीच्या बारा बायका मदतीला आल्या; तिसऱ्यांचा धंदा बुडालेल्या त्याच. गोणपाट मळीत आणि जिवाणूंच्या द्रावणात भिजवायचं, आखलेल्या जागी चौथऱ्याला चिकटवायचं, ओहोटीत वर ताडपत्री बांधायची. दुसऱ्या दिवशी गोणपाटाखाली दगड साबणासारखा बुळबुळीत व्हायचा. तो फावड्याने खरवडून पुन्हा नवं गोणपाट. रोज सव्वा-दीड मीटर दोन्ही बाजूंनी आत.

कामाच्या अठराव्या दिवशी ते थांबवण्याचा आदेश आला. तेव्हा दोन्ही मोऱ्यांची टोकं आतून एकमेकांना भिडायला हातभर अंतर उरलं होतं. शिपायाने आदेशाची प्रत दारावर चिकटवली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि फावडी जप्त केली. गोणपाट काढायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ताडपत्रीखाली जिवाणू आपलं काम करत राहिले. पाच दिवसांनी आलेल्या मोठ्या भरतीला पाणी पहिल्या मोरीतून आरपार गेलं, आणि त्याच संध्याकाळी दुसरीतून.

मुक्कामघराच्या जेवणघरात भिंतीला बोटभर भेग पडली. यामिनीच्या आकड्यांप्रमाणे ती धोक्याची नव्हती, पण आकडे कोणी मागितले नाहीत. इमारत असुरक्षित ठरवून बंद केली गेली. यामिनीचं नाव प्राधिकरणाच्या यादीतून काढलं. निनादची तीनही कामं गेली. त्याला विशाखापट्टणमला एका मत्स्यसंस्थेत नोकरी मिळाली. तो गेला तेव्हा दोघं भांडली नाहीत, आणि तिला भांडण झालं असतं तर बरं असं वाटत राहिलं. तो रविवारी फोन करायचा. वाळंबीचं कवच किती उरलं हे विचारायचा आणि ती सांगायची.

कवच कमी होत होतं. खालून वेगाने जाणारं पाणी त्याच्या बुडाचा मऊ गाळ काढून नेई, मग ते आपल्याच वजनाने तुकडे होऊन पडे. उरलेल्या चार मुक्कामघरांचे चौथरे मात्र तसेच होते, आणि त्यांच्यापुढचा गाळही.

चौकशीची सुनावणी मार्चमध्ये जिल्ह्याच्या गावी ठेवली होती. त्या सकाळी यामिनी वाटेत तिसवलीला उतरली. फाटकाला सील होतं, ती कुंपणाच्या कडेने धक्क्याच्या टोकाशी गेली. ओहोटी निम्मी झाली होती. तिने वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडली आणि ओली झालेली लांबी हाताने मोजली. सव्वादोन मीटर. लाँचला एक मीटर पुरतो.

लाँच आली ती वळणावरूनच भरलेली दिसली. तीसेक माणसं, टपावर टोपल्या, मागे एक शिवणयंत्र बांधलेलं. अनुसयाबाई डोकं मागे टेकून झोपल्या होत्या. तिसवलीचा धक्का बंद आवारात येत असल्यामुळे तिथे लाँच लावायला मनाई होती. पलीकडच्या काठावर कुडव्यात काजूच्या बंद कारखान्याच्या शेडमध्ये लोकांनीच एक चार्जिंगची तार ओढून घेतली होती. पाणी फिरेपर्यंत माणसं तिथे पोत्यांवर आडवी होत आणि एक बाई घावनं करून विकत असे. तिथली सोय कोणी रेखाटलेली नव्हती.

इस्माईलचाचांनी तिला पाहिलं. वेग कमी केला आणि हाताने पलीकडचा काठ दाखवला: तिकडे ये, घेतो. पण तिकडे जायला पूल नव्हता, आणि ओहोटी कोणासाठी थांबत नाही हे त्यांच्याइतकंच तिलाही माहीत होतं. तिने जा म्हणून हात केला. लाँच चौथऱ्याच्या अंगावरून, चार हातांवरून, न थांबता निघून गेली. टपावरच्या टोपल्यांशी बसलेल्या एका बाईने सील लावलेल्या इमारतीकडे सहज पाहिलं आणि पुन्हा शेजारणीशी बोलायला लागली.

यामिनीने ओली दोरी गुंडाळून पिशवीत टाकली, चढण चढून ती रस्त्यावर आली. एसटी पाऊण तासाने आली. कंडक्टर बोलका होता. तिकीट देता देता त्याने मागे मान वळवून खालच्या इमारतीकडे पाहिलं आणि म्हणाला की एवढं झकास बांधकाम, कुण्या शहाण्याने बंद पाडलं कोण जाणे.

"मी," यामिनी म्हणाली, आणि सुट्टे पैसे घ्यायला हात पुढे केला.